संस्कार मोठा, मांडव साधा
कमी खर्चात, आपल्या हातांनी विवाहसोहळा कसा साजरा करावा?

दिवाळी सरून नाताळचे वेध लागले की वसईच्या गावागावांत लग्नसराईची चाहूल लागते. विवाहाची तारीख ठरविण्यासाठी तरुण-तरुणी आपल्या पालकांसह धर्मग्रामाच्या कार्यालयात येऊ लागतात. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट आम्हांला वारंवार जाणवते. सभागृह कोणत्या दिवशी मोकळे आहे, हे पाहून मिस्साबलिदानाची तारीख ठरते. सजावटकार सांगतो त्याप्रमाणे मिस्सेची वेळ मागेपुढे होते. संस्काराच्या तयारीसाठी मात्र कोणाकडे वेळ उरत नाही.

ह्याहून चिंतेची बाब म्हणजे, पुरेसे पैसे साठेपर्यंत संस्कारच लांबणीवर टाकण्याची वृत्ती वाढते आहे. काही जोडपी नोंदणी कार्यालयात विवाह करून संसार थाटतात आणि 'चर्चमधले लग्न ऐपत आली की करू' असे म्हणतात. कॅथोलिक व्यक्तीचा केवळ नोंदणी कार्यालयात झालेला विवाह ख्रिस्तसभेच्या दृष्टीने विवाह संस्कार ठरत नाही. परिणामी ही जोडपी ख्रिस्तशरीर स्वीकारू शकत नाहीत. ज्या खर्चाची ख्रिस्तसभेने कधी मागणी केली नाही, त्या खर्चापायी एखादे कुटुंब प्रभूच्या मेजापासून दूर राहते, ही आपणां सर्वांना विचार करावयास लावणारी गोष्ट आहे.

पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१६ साली 'आमोरिस लेतित्सिया', अर्थात 'प्रेमाचा आनंद', हे प्रेरितिक पत्र प्रसिद्ध केले. त्याच्या २१२ व्या परिच्छेदात त्यांनी नेमक्या ह्याच दुखण्यावर बोट ठेवले आहे. आमंत्रणे, पोशाख आणि मेजवानी ह्यांच्या धावपळीत पैसा तर जातोच, शिवाय वधूवरांची शक्ती आणि आनंदही आटून जातो, असे त्यांचे निरीक्षण आहे. केवळ खर्चाच्या भीतीने विवाह न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यांचाही ते उल्लेख करतात. चारचौघांपेक्षा वेगळे वागण्याचे धैर्य दाखवा आणि साधा सोहळा निवडा, असे आवाहन ते वाग्दत्त वधूवरांना करतात.

हे धैर्य प्रत्यक्षात कसे आणावे? साधा म्हणजे ओकाबोका नव्हे. थोडी कल्पकता, थोडे नियोजन आणि आप्तेष्टांचे हात लाभले तर कमी खर्चातही सोहळा देखणा आणि मंगल होऊ शकतो. त्या दृष्टीने काही विचार आणि काही व्यवहार्य सूचना येथे देत आहोत.

ख्रिस्तसभा काय मागते?

प्रथम हे स्पष्ट करून घेऊ. १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम १०५७ नुसार विवाह घडतो तो वधूवरांच्या परस्परसंमतीने. कलम ११०८ नुसार ही संमती महागुरुस्वामी, धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू किंवा त्यांनी अधिकार दिलेले धर्मगुरू वा उपधर्मगुरू ह्यांच्यासमोर आणि दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत द्यावी लागते. दृढीकरण संस्कार झाला नसेल तर मोठी अडचण नसल्यास तो आधी घ्यावा. प्रायश्चित्त आणि ख्रिस्तप्रसाद हे संस्कार स्वीकारून विवाहाला सामोरे जावे, अशी कलम १०६५ मध्ये शिफारस आहे. स्नानसंस्काराचा ताजा दाखला, विवाहपूर्व चौकशी, जाहीर पुकार आणि विवाह प्रशिक्षण शिबिर ही तयारीची अंगे आहेत.

ह्या यादीत सभागृह नाही. पांढरा झगा नाही. केक नाही. अंगठ्यांना आशीर्वाद देण्याचा सुंदर विधी उपासनेत आहे. पण अंगठी सोन्याचीच असावी असे कोठेही म्हटलेले नाही. चांदीची अंगठीही निष्ठेची तितकीच खरी खूण आहे. इतकेच नव्हे, तर गरिबीमुळे कोणीही संस्कारांच्या साहाय्यापासून वंचित राहू नये, ह्याची काळजी धर्मगुरूंनी घ्यावी, असे कलम ८४८ बजावते. एखाद्या कुटुंबाला चर्चमधील देणगीही जड वाटत असेल तर त्यांनी संकोच न करता प्रमुख धर्मगुरूंशी बोलावे.

संस्कारासाठी ख्रिस्तसभा इतके थोडे मागते. बाकीचे सारे आपण, आपल्या रूढीने आणि हल्ली बाजारपेठेने जोडलेले आहे. रूढींमध्ये पुष्कळसे चांगले आहे आणि ते जपले पाहिजे. परंतु जे आपण जोडले, ते आपल्याला कमी करता येते, बदलता येते आणि आपल्या हातांनी घडविताही येते.

खर्च वाढतो कोठे?

समजा, सहाशे पाहुणे आहेत आणि एका ताटाचा खर्च आठशे रुपये आहे. केवळ जेवणाचेच ४ लाख ८० हजार रुपये झाले. सभागृह, सजावट, रोषणाई, ध्वनियंत्रणा, चित्रफीत आणि पोशाख ह्यांचे आकडे अद्याप मांडलेलेच नाहीत. आता समजा, त्यासाठी पाच लाख रुपयांचे वैयक्तिक कर्ज दरसाल १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले. दरमहा सुमारे ११,६०० रुपयांचा हप्ता बसतो आणि फेडीअखेर जवळजवळ सात लाख रुपये भरावे लागतात. एका संध्याकाळच्या समारंभाचा हप्ता पहिल्या बाळाच्या स्नानसंस्कारानंतरही चालू राहतो. कर्जाच्या ओझ्याखाली सुरू झालेल्या संसारात कुरबुरींना निमित्त शोधावे लागत नाही. काही घरांत तर पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या वाडीचा तुकडा लग्नापायी विकला जातो, आणि तो पुन्हा कधीही परत येत नाही.

ह्या हिशेबातून एक गोष्ट ध्यानात येईल. खर्चाचा मोठा भाग पाहुण्यांच्या संख्येवर अवलंबून असतो. त्यामुळे काटकसरीचा विचार फुलांपासून नव्हे, तर यादीपासून सुरू करावा लागतो.

पूर्वीचा मांडव

आपल्या आजी-आजोबांच्या काळी लग्नातील बहुतेक गोष्टी घरीच घडत. पुरुषमंडळी बांबू आणि वासे आणून मांडव घालीत. नारळीच्या झावळ्यांचे झाप विणून त्यावर छप्पर चढे. बायका एकत्र बसून मसाले कांडीत, पापड लाटीत आणि गाणी म्हणत. मोठाली पातेली शेजारपाजारहून येत. फुग्या तळायला साऱ्या आळीतील स्त्रिया जमत. विहिरीवरून वाजतगाजत उंबराचे पाणी आणण्याची प्रथाही पुष्कळांना आठवत असेल. शेतात जशी इर्जिक, तशीच ही लग्नाची इर्जिक होती. आज मी तुझ्या मांडवाला हात लावला, उद्या तू माझ्या.

तो काळ सर्वस्वी सुखाचा होता, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. चार-चार दिवस चालणाऱ्या लग्नांपायी तेव्हाही घरे कर्जबाजारी होत असत. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालीच साध्या, अल्पखर्ची विवाहाची रीत सुरू केली, ती अशाच गांजणुकीच्या पार्श्वभूमीवर. आपण जुन्या काळातून जेवणावळी नव्हे, तर एकमेकांच्या कार्याला हात लावण्याची सवय घ्यावयाची आहे. पूर्वी जे काम नात्यांच्या बळावर होत असे, त्याच कामाचे आज आपण पैसे मोजतो. पैसे मोजले की काम होते. पण त्या निमित्ताने जुळणारी माणसे मात्र जुळत नाहीत.

ख्रिस्तमंदिराची सजावट

उपासनेच्या नियमांनुसार फुलांची सजावट नेमकी असावी आणि ती वेदीवर न करता वेदीच्या सभोवती करावी. म्हणजेच साधेपणा हा येथे नियमच आहे. उपवासकाळात तर रविवारचा विशिष्ट अपवाद आणि महासण व सण सोडता वेदी फुलांनी सजवीत नाहीत. त्या काळात विवाह ठरविणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

वसईची फुले रोज पहाटे दादरच्या बाजारात जातात आणि आपण मात्र लग्नासाठी परदेशी ऑर्किड मागवतो, हा विरोधाभास कोणालाही जाणवेल. घरच्या वाडीतील किंवा शेजारच्या शेतकऱ्याकडील फुले घेतली तर पैसा गावात राहतो आणि सजावटही ताजी होते. त्यासाठी फुलांचा स्वभाव मात्र जाणून घ्यावा:

- झेंडू दोन-तीन दिवस सहज टिकतो. त्याच्या माळा आदल्या दिवशी ओवून ठेवाव्यात.
- निशिगंधाच्या दांड्यांवरील कळ्या खालून वर उमलत जातात. तळाच्या दोन-चार कळ्या उमललेल्या असतानाच दांड्या आणून पाण्यात ठेवाव्यात.
- मोगऱ्याच्या कळ्या मिटलेल्या असतानाच तोडाव्यात आणि ओल्या फडक्यात वा केळीच्या पानात गुंडाळून ठेवाव्यात.
- सोनचाफा लवकर काळवंडतो. तो त्याच सकाळी तोडून पाण्याच्या भांड्यात ठेवावा.
- जास्वंद संध्याकाळी मिटते, म्हणून सायंकालीन मिस्सेसाठी ती निवडू नये.

दहा फूट रुंदीच्या दाराला दर चार इंचांवर एक, अशी आंब्याची किंवा अशोकाची तीसेक पाने पुरतात. सुती दोरा, सुई आणि दोन माणसे एवढ्यावर तासाभरात तोरण तयार होते. प्रत्येक बाकाला पुष्पगुच्छ बांधण्याऐवजी एकाआड एक बाकाला नेचाचे पान व दोन झेंडू बांधले तरी मधली वाट शोभून दिसते. फुलांना बळकटी देण्यासाठी फोमचे ठोकळे नकोत. मातीच्या कुंडीत किंवा पितळेच्या कळशीत ओली वाळू घातली तरी दांड्या ताठ उभ्या राहतात.

एकाच दिवशी त्याच चर्चमध्ये दोन विवाह असतील, तर दोन्ही कुटुंबांनी मिळून एकच सजावट करावी. प्रमुख धर्मगुरूंना विचारले तर ते दोन्ही घरांची गाठ घालून देतील. शनिवारी केलेली आरास रविवारच्या मिस्सेसाठी तशीच ठेवावी, म्हणजे ती धर्मग्रामाला दिलेली भेट ठरते.

थर्माकोलविषयी वेगळे सांगणे आवश्यक आहे. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर आणि एकदा वापरून फेकावयाच्या ताट-वाट्यांवर बंदी घातली. केंद्र शासनाने १ जुलै २०२२ पासून सजावटीचे थर्माकोल, फुग्यांच्या प्लास्टिक काड्या, प्लास्टिकचे पेले-चमचे आणि निमंत्रणपत्रिकांवरील प्लास्टिकचे वेष्टन ह्यांना मनाई केली. सृष्टीची काळजी घेण्याविषयी 'लाऊदातो सी' ह्या २०१५ च्या विश्वपत्रातून आपल्याला शिकवण मिळालेली आहेच. येथे कायदा, श्रद्धा आणि काटकसर ह्या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने जातात.

पत्रिका, पुस्तिका आणि बोलावणे

वडीलधाऱ्यांना आणि जवळच्या नातलगांना वधूवरांनी पालकांसह घरी जाऊन बोलवावे. दूरच्यांना मोबाइलवर निरोप पुरेसा आहे. छापील पत्रिका हवीच असेल तर घरातील एखाद्या सुवाच्य अक्षराच्या व्यक्तीकडून मजकूर लिहून घ्यावा, लहान मुलांकडून कडेला वेलबुट्टी काढून घ्यावी आणि त्याच्या प्रती जाड कागदावर काढाव्यात. अशी पत्रिका कोणी रद्दीत टाकत नाही.

मिस्सेची विधिपुस्तिकाही घरीच तयार होऊ शकते. ए-फोर आकाराचे चार कागद मधोमध दुमडले की सोळा पानांची पुस्तिका होते. शंभर पुस्तिकांना चारशे कागद लागतात. दोघांत एक पुस्तिका दिली तर दोनशे जणांना त्या पुरतात. मजकूर छापण्यापूर्वी वाचने, भक्तांच्या प्रार्थना आणि गीते प्रमुख धर्मगुरूंकडून तपासून घ्यावीत. भक्तांच्या प्रार्थना वधूवरांनी स्वतः लिहाव्यात, अशी आमची विशेष सूचना आहे. दोघांनी एका संध्याकाळी शांतपणे बसून आपण कशासाठी प्रार्थना करणार आहोत हे ठरविणे, ही संसाराची उत्तम पूर्वतयारी आहे.

वेशभूषा

विवाहासाठी कोणताही विशिष्ट पोशाख ख्रिस्तसभेने घालून दिलेला नाही. पांढऱ्या झग्याची प्रथा इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया ह्यांनी १८४० साली आपल्या विवाहात तो परिधान केल्यानंतर सर्वत्र फोफावली. पांढरा रंग स्नानसंस्काराच्या शुभ्र वस्त्राची आठवण करून देतो, हे खरेच. तो हवा असेल तर शुभ्र रेशमी साडी पुढेही नेसता येते. झगाच घ्यावयाचा असेल तर आईचा किंवा बहिणीचा झगा शिंपिणीकडून मापात बसवून घ्यावा. जुन्या झग्यांच्या शिलाईत बहुधा आत दुमडलेले कापड असते, त्यामुळे ते थोडे सैलही करता येतात. आजीच्या लुगड्याचा काठ ओढणीला लावला तर आशीर्वादच पांघरल्यासारखा होतो. वराने कार्यालयात पुन्हा घालता येईल असाच पोशाख शिवावा. करवल्या आणि मुले ह्यांना एकाच रंगाचे नवे कपडे शिवण्याची सक्ती करू नये, कारण तो खर्च आपला नसला तरी दुसऱ्या कोणाच्या खिशातून जातोच.

भारतातील उपासनेत मंगळसूत्राला आशीर्वाद देऊन ते घालण्यासही मुभा आहे. ज्यांच्या घराण्यात ही रीत आहे, त्यांनी ती जपावी. परंतु सोन्याच्या वजनावरून नाते तोलले जाऊ नये. हुंडा तर १९६१ च्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे; 'मुलीसाठी हौसेने दिले' ह्या नावाखालीही तो मागू नये.

जेवण

सकाळी नऊ-दहाची मिस्सा आणि त्यानंतर दुपारचे जेवण, हा क्रम सर्वांत स्वस्त पडतो, कारण रोषणाईचा खर्च वाचतो आणि माणसे वेळेवर घरी जातात. पदार्थ थोडे पण मन लावून केलेले असावेत. भात, एक मांसाहारी कालवण, एक भाजी, फुग्या आणि एक गोड पदार्थ पुरेसा आहे. सर्वसाधारणपणे माणशी १०० ते १२५ ग्रॅम तांदूळ आणि १५० ते २०० ग्रॅम कच्चे मटण धरतात. म्हणजे दोनशे माणसांना २० ते २५ किलो तांदूळ आणि ३० ते ४० किलो मटण लागेल. मुख्य स्वयंपाक अनुभवी आचाऱ्याकडे सोपवावा. चिरणे, निवडणे, फुग्या तळणे आणि वाढणे ही कामे आळीने वाटून घ्यावीत. केळीची पाने वाडीत आहेतच.

येथे एक सावधगिरी बाळगलीच पाहिजे. शिजविलेले अन्न, विशेषतः नारळाच्या रसातील पदार्थ आणि मांस, उन्हाळ्यात लवकर बिघडतात. ते दोन तासांच्या आत वाढले जाईल असे नियोजन करावे. पिण्याचे पाणी उकळलेले किंवा शुद्ध केलेले असावे. उरलेले अन्न कोठे पोहोचवावयाचे, हे आदल्या दिवशीच ठरवावे.

गीत, वाद्ये आणि छायाचित्रे

मिस्सेत गाणारा गायकवृंद आपल्याच धर्मग्रामाचा असावा. त्यांना आठ दिवस आधी गीतांची यादी द्यावी आणि सर्वांना येणारी गीते निवडावीत, म्हणजे उपस्थित भाविकही गातील. ध्वनिमुद्रित गाणी आणि चित्रपटगीते उपासनेत नकोत. मांडवात ध्वनिवर्धकाच्या भिंती उभारण्याऐवजी गावातील बँडपथकाला दोन तास बोलवावे आणि ज्येष्ठ स्त्रियांना लग्नगीते म्हणण्याची विनंती करावी. ही गाणी आज मोजक्याच स्त्रियांना पाठ आहेत. त्या गात असताना कोणी ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवली तर तो साऱ्या समाजाचा ठेवा होईल.

छायाचित्रकार एक पुरे. विवाहपूर्व चित्रीकरणासाठी दूरच्या किल्ल्यांवर व समुद्रकिनाऱ्यांवर फेऱ्या मारण्यापेक्षा त्या दोन दिवसांत वधूवरांनी एकत्र बसून घरखर्चाचा अंदाज मांडला तर त्यांचे अधिक हित होईल.

सर्वांना बोलवावे कसे?

साध्या लग्नाला खरा अडसर बहुधा वधूवरांचा नसतो, तो वडीलधाऱ्यांचा असतो; आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नसते. 'आम्ही शंभर घरी जेवलो, आता त्यांना वगळायचे कसे?' ही त्यांची अडचण प्रामाणिक आहे. नाती राखण्याची ती धडपड आहे. तिला 'जुनाट विचार' म्हणून हिणवू नये.

ह्यावर मार्ग असा की, सर्वांचे आमंत्रण मिस्सेला असावे. ख्रिस्तमंदिराचे दार सर्वांना उघडे असते आणि तेथे माणसांच्या संख्येनुसार खर्च वाढत नाही. मिस्सेनंतर आवारातच सर्वांना चहा, सरबत आणि एखादा घरगुती फराळ द्यावा. वधूवरांनी फिरून प्रत्येकाला भेटावे. मंचावर उभे राहून रांगेतील पाहुण्यांशी हात मिळविण्यापेक्षा ही भेट अधिक आपुलकीची होते. जेवण मात्र जवळच्या शंभर-दीडशे जणांपुरते ठेवावे आणि पत्रिकेत तसे मोकळेपणाने लिहावे. कोणीही वगळला जात नाही आणि कर्जही होत नाही.

एखाद्या घराने हे एकट्याने करणे अवघड आहे, कारण 'लोक काय म्हणतील' ही धास्ती प्रत्येकाला असते. म्हणूनच छोट्या ख्रिस्ती समूहांनी ह्या विषयावर एक बैठक घ्यावी. आळीतील दहा घरांनी मिळून ठरविले की आपण सारे असेच करू, तर कोणा एकाकडे बोट दाखविले जाणार नाही. ज्या सधन कुटुंबाला मोठा समारंभ परवडतो, त्याने आपणहून साधा सोहळा केला, तर त्याच्या मागे येणाऱ्या गरीब घराची मान आपोआप ताठ राहते. हा दानधर्माचाच एक प्रकार आहे.

आणखी काही वाटा

रविवारच्या धर्मग्रामाच्या मिस्सेतच विवाह संस्कार साजरा करता येतो; अशा वेळी त्या दिवसाचीच मिस्सा अर्पण केली जाते. गायकवृंद, फुले आणि सारा भाविक समुदाय तेथे असतोच. दोन-तीन जोडप्यांनी एकाच मिस्सेत विवाहबद्ध होण्याचीही विधीत तरतूद आहे. त्या वेळी प्रश्नोत्तरे, संमती आणि संमतीचा स्वीकार हे प्रत्येक जोडप्याचे स्वतंत्रपणे होते. बाकीच्या प्रार्थना सर्वांसाठी मिळून म्हटल्या जातात. भावंडे, चुलत भावंडे किंवा एकाच आळीतील मित्र असे एकत्र आले तर मांडवही एकच लागतो. ह्या दोन्ही गोष्टींसाठी प्रमुख धर्मगुरूंशी आधी विचारविनिमय करणे आवश्यक आहे.

मेजवानी दिली तर परतफेड न करू शकणाऱ्यांना बोलवा, अशी प्रभू येशूंची शिकवण लूकने नोंदविली आहे. जेवणाच्या यादीत दहा-वीस जागा वृद्धाश्रमातील वा अनाथालयातील पाहुण्यांसाठी राखाव्यात. पाहुण्यांना परतभेट म्हणून प्लास्टिकची शोभेची वस्तू देण्यापेक्षा घरच्या मसाल्याची पुडी किंवा वाडीतील रोप द्यावे.

काटकसर कोठे करू नये?

मजुरांच्या, आचाऱ्यांच्या आणि वादकांच्या मेहनतान्यात कपात करून साधेपणा मिरवू नये. आपले लग्न स्वस्तात होण्यासाठी दुसऱ्याच्या घामाचे मोल कमी करणे हा अन्याय आहे. मदतीला आलेल्या आप्तेष्टांनाही गृहीत धरू नये. कोणाकडे कोणते काम आहे ते लिहून काढावे, त्यांच्या जेवणाची व विश्रांतीची सोय करावी, आणि वधूवरांना लग्नाच्या सकाळी कोणतेही काम ठेवू नये.

वेळेच्या बाबतीतही काटकसर नको. किमान तीन महिने आधी, शक्य असल्यास सहा महिने आधी, धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. प्रथम मिस्सेची तारीख ठरवावी, मग पाहुण्यांची यादी करावी, नंतर आपल्या हाती असलेली रक्कम लिहावी आणि शेवटी त्या रकमेत काय बसते ते पाहावे. प्रशिक्षण शिबिर 'शेवटच्या आठवड्यात उरकू' म्हणून ठेवू नये. लग्नातील आनंदाचा दिवस एक असतो. शिबिरात जे शिकावयाचे ते आयुष्यभर पुरवावयाचे असते.

कानागावच्या लग्नात द्राक्षारस संपला, ही योहानकृत शुभवर्तमानातील कथा आपण विवाहाच्या मिस्सेत पुष्कळदा ऐकतो. त्या घरात उणीव पडली, पण पवित्र मारियेच्या ती ध्यानात आली आणि प्रभू येशू तेथे होते. तेथील सेवकांकडेही आपले लक्ष जावे. दोन-दोन, तीन-तीन मण पाणी मावेल असे सहा दगडी रांजण त्यांनी काठोकाठ भरले. आजच्या मापाने ते पाणी सुमारे पाचशे ते सातशे लिटर होईल. ते त्यांनी विहिरीवरून आपल्या हातांनी वाहून आणले आणि प्रभूने त्याच पाण्याचा द्राक्षारस केला.

येत्या लग्नसराईत ज्यांच्या घरी मंगलकार्य ठरले आहे, त्यांनी ह्यांतील एक-दोन गोष्टी जरी अमलात आणल्या तरी पुष्कळ होईल. आणि ऐपत नाही म्हणून ज्यांनी संस्कार लांबणीवर टाकला आहे, त्यांना आम्ही कळकळीने सांगू इच्छितो की, आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयात या. दोन साक्षीदार, तुमची परस्परसंमती आणि योग्य ती तयारी एवढे घेऊन या. फुले धर्मग्रामातील कोणाच्या ना कोणाच्या वाडीत उमललेली असतील आणि ती ओवायला हातही मिळतील.